शिवेवरचं विमान

माझं लग्न एका विमानामुळे पार पडलं, असं मी कुठे बोलून गेले की ऐकणाऱ्याच्या नजरेत एकदम आदर येतो. त्याला वाटतं, परदेशातलं स्थळ असणार. मग मी सांगते की नवरा शेजारच्याच बोरगव्हाणचा, बांधाबांधाने चालत गेलं तर चप्पल तुटायच्या आत पोचावं इतक्या जवळचा. विमान पडलं होतं तुरीच्या वावरात, आणि त्यातला माणूस मेला होता. एवढं ऐकल्यावर आदर जातो आणि लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. माणसाला लग्नाच्या गोष्टीपेक्षा मरणाची गोष्ट नेहमीच जास्त आवडते, आणि दोन्ही एकत्र मिळाल्या तर चहा दुसऱ्यांदा मागितला जातो.

आमचं गाव पळसझरी. तळेगावच्या बाजाराहून आत, टेकड्यांच्या कुशीत, संत्र्याच्या बागा आणि तुरीची वावरं. बाबा गावचे पोलीस पाटील होते. पोलीस पाटील म्हणजे गावातले सरकारचे डोळे आणि कान. तोंड मात्र आमच्या घरात मायचं होतं, आणि ते सरकारलाही भारी पडलं असतं. गावात कुणाची मारामारी झाली, कुणी विहिरीत पडलं, कुणाचा बैल चोरीला गेला, की बाबा डोक्यावर टोपी चढवून निघत आणि काय झालं ते पोलिसांना कळवत. ते कधी खोटं बोलले नाहीत. अडचणीच्या वेळी दुसरीकडे पाहत उभं राहण्याची एक कला असते, ती मात्र त्यांना फार उत्तम साधली होती.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आठवड्यातून काही दिवस एस.टी.ने आर्वीच्या कॉलेजात जायचे आणि उरलेले दिवस त्याबद्दल बोलणी खायचे. मला पाहायला येणारे पाहुणे पोहे खाऊन झाले की विचारत, पुरण जमतं का, विहिरीचं पाणी काढता येतं का, एवढं शिकून करायचं काय. आर्वीचा एक बिजवर तर आरामशीन बाळगून होता आणि माझ्या उंचीकडे सागाच्या ओंडक्याकडे पाहावं तसा पाहत होता. त्याला नकार गेलेला नव्हता, फक्त उत्तर द्यायचं राहिलं होतं. अशात बोरगव्हाणच्या नामदेवराव सरपंचांचा मुलगा सुधाकर मला पाहायला आला. मी मान खाली घालून बसलेली, त्यामुळे मला त्याचे पायच तेवढे दिसले, आणि एका पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्याने सबंध बैठकीत एकच प्रश्न विचारला, "परीक्षा कधी हाय?" मी सांगितलं, चैत्रात. तो म्हणाला, "मंग लग्न माघात करू. अभ्यासाले वेळ भेटन." त्या एका वाक्यावर मी त्या चिंधीसकट त्याला पसंत केलं. हे लग्न मोडलं तर माझी बी.ए. आर्वीच्या भुशात जाणार, हे मला आणि मायला, दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

माघातलं लग्न म्हणजे थंडी असणार हे कळत होतं, पण त्या वर्षीच्या थंडीने काही वेगळंच मनावर घेतलं होतं. सूर्य रजेवर गेल्यासारखा कितीतरी दिवस दिसला नव्हता. सकाळी दारातलं तुळशीवृंदावन दिसू नये इतकं धुकं. संत्र्याची पानं काळी पडायला लागली होती. म्हातारी माणसं शेगडीपासून उठत नव्हती आणि तरणी माणसं म्हाताऱ्यांना उठवत नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच मला हळद लागली. ओल्या हळदीने अंग असं काकडलं की बायका जे गाणं म्हणत होत्या त्यात माझ्या दातांचा ठेका चालला होता. अंगणात मांडवाखाली लांबच लांब चुलांगण खणलेलं, त्यावर गंज, म्हणजे मोठाली पातेली, चढलेली. एकात वांग्या-आलूची भाजी, एकात वरण, आणि कढईत बुंदी पडत होती. त्या वासाने गावातली कुत्री मांडवाच्या चारही खांबांना पहारा देत बसली होती. आजही कुणाच्या मांडवात बुंदीचा वास आला की मला आधी थंडी वाजते, मग भूक लागते.

मग गारा आल्या. आधी टिनावर चार-दोन खडे टाकावेत तशा, मग कुणी वरून गाडीच रिकामी केल्यासारख्या. बायकांचं गाणं थांबलं. त्या गदारोळात घराच्या अगदी डोक्यावरून एक घरघर गेली, आमच्या पिठाच्या गिरणीसारखी, पण खोकणारी. माय बुंदीचा झारा हातात धरून म्हणाली, "या पाण्यात गिरणी कोनं चालू केली?" घरघर शिवेच्या बाजूला गेली आणि एकदम बंद झाली. मग एक धप्प असा आवाज आला. "कोणाचं तरी टिनपत्र उडालं," असं म्हणून मायने झारा पुन्हा कढईत घातला.

त्या दिवशी जे काही घडलं त्यातलं बरंचसं मला अंजनाआत्याकडून कळलं. ही बाबांची धाकटी बहीण. हल्ली टीव्हीवर दिवसभर बातम्या सांगणारी जी माणसं असतात, त्यांनी तिच्याकडून बरंच शिकण्यासारखं होतं. ती धापा टाकत यायची, एक बातमी द्यायची, चहा प्यायची आणि पुढची आणायला जायची. हळद लागलेल्या नवरीने उंबरठा ओलांडायचा नसतो, म्हणून मी आतल्या खोलीत पाटावर, आणि बातम्या दारातून आत येत होत्या.

गारा थांबल्यावर पहिली बातमी आली. "वहिनी, ते गिरणी नोहोती. विमान होतं. लहानसं. शिवेजवळच्या तुरीत पडून हाय."

मायने पहिला प्रश्न विचारला तो असा, "कोणाच्या तुरीत?"

"धुक्यात समजून नाई राह्यलं."

"मंग आपल्याच असन," माय म्हणाली.

आता या प्रश्नाचं महत्त्व समजून घेतलं पाहिजे. पळसझरी आणि बोरगव्हाण यांच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला गोटा होता. दसऱ्याला दोन्ही गावं त्याच्यापुढे नारळ फोडत आणि वर्षभर त्याच्यावरून एकमेकांची डोकी फोडत. दुसऱ्या दिवशी माझं वऱ्हाड येणार ते याच गोट्याजवळ थांबणार होतं, तिथे आमच्या लोकांनी नवरदेवाचं सीमांतपूजन करायचं होतं. विमान पडलं होतं ते गोट्याच्या पलीकडे, बोरगव्हाणच्या हद्दीत. थोडंसंच पलीकडे, पण पलीकडे. आणि आमच्या गावातल्या जाणत्यांनी तिथे धुक्यात उभं राहून पटकन हिशेब मांडला होता. विमान पडलं म्हणजे साहेब येणार. साहेबामागे मंत्री येणार. मंत्री चिखलातून येत नाही, म्हणजे डांबरी रस्ता होणार. रस्ता ज्या गावाच्या हद्दीत विमान त्या गावाला. आमच्या गावाने डांबरासाठी इतकी निवेदनं दिली होती की एखादं विमान पडणं हेच काय ते बाकी होतं.

दुसरी बातमी आली. "गोटा सरकवला आपल्या लोकायनं. पहारी लावून विमानाच्या पल्याड नेऊन ठेवला. धुक्यात कोणाले काई दिसलं नाई. विमान आता आपलं हाय."

"अन् तुमचे भाऊ काय करून राह्यले होते?" मायने विचारलं.

"दादा संत्र्यायकडे पाहून राह्यला होता."

मला वाटतं, सरकारी नोकरीत माझे बाबा फार वर चढले असते.

विमानात कुणी असेल, हा विचार तोवर कुणाच्या मनात आला नव्हता असं नाही. एकाने विचारलं म्हणे, आणि दुसऱ्याने, "मंग काय ते आपोआप उडते बे?" असं सुनावलंही. पण विमानाचा पुढचा भाग फुटून उघडा पडला होता, आत कुणी दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात बोरगव्हाणची मंडळी धुक्यातून आरडाओरडा करत आली. सगळ्यांत पुढे नामदेवराव सरपंच, उद्यापासून माझे सासरे. गोटा सरकवला, हद्द चोरली, हे व्याही आहेत की दरोडेखोर, असं ते मोठमोठ्याने म्हणत होते. आमची मंडळी छातीवर हात ठेवून शपथा घेत होती की गोटा रामाच्या वनवासापासून इथेच आहे. कुणीतरी तर गोट्याच्या मुळाशी वारूळ होतं असंही सांगितलं. वारूळ दाखवा म्हटल्यावर ते गारांनी बुजलं होतं.

या भांडणात बोरगव्हाणचा एक माणूस मागे सरताना तुरीत अडखळून पडला. कशाला अडखळला म्हणून सगळ्यांनी पाहिलं. गारांच्या पांढऱ्या थराखाली एक निळी बाही होती.

तिसरी बातमी देताना अंजनाआत्याने चहा मागितला नाही. "मढं सापडलं वहिनी. विमान चालवणारं पोरगं होय. एकटंच होतं."

माय खाली बसली. मग तिने विचारलं, "कोणाच्या हद्दीत?"

"पह्यला गोटा अन् आताचा गोटा, त्याच्या मधात."

म्हणजे आमच्या. गोटा सरकवला नसता तर तो बोरगव्हाणच्या हद्दीत होता. आमच्याकडे तेव्हा रीत होती, आणि ती फार कडक होती. गावच्या हद्दीत मढं असेपर्यंत एकाही घरात चूल पेटवायची नाही, पेटलेली असली तर पाणी टाकून विझवायची, मढं हललं की मगच धूर काढायचा. हे मढं पोलीस आल्याशिवाय हलणार नव्हतं, आणि तालुक्याहून येणाऱ्या वाटेवर गारपिटीने बाभळी आडव्या पडल्या होत्या. पोलीस आज येतील की उद्या, कुणालाच सांगता येत नव्हतं. इकडे अंगणात चुलांगण धडधडत होतं. मांडवातलं चुलांगण विझवणं म्हणजे लग्नात अपशकुन, आणि नामदेवराव शकुनाचे इतके पक्के होते की मांजर आडवं गेलं तर ते ग्रामसभा तहकूब करत.

मायने निरोप धाडला, "गोटा जिथं होता तिथं ठेवा म्हणा."

आमच्या मंडळींनाही नेमकं तेच सुचलं होतं. पण आता बोरगव्हाणकर बदलले होते. मघाशी ज्यांचा घसा बसला होता तेच लोक शांतपणे, हात जोडून साक्ष देत होते की गोटा इथेच होता, अगदी इथेच, आमच्या डोळ्यांना धुक्यात भास झाला. नामदेवराव गोट्यावर हात ठेवून म्हणाले, "माह्या आज्यानं या गोट्याले अठीच पाह्यलं. पाटील, विमान तुमचं. आमचं काईच म्हणणं नाई. अन् मढंही तुमचं."

"नामदेवराव, मघा तं तुम्हीच म्हणे का गोटा सरकवला," बाबा म्हणाले.

"मघा मी रागात होतो. राग वाईट असते."

"सरकवला हाय ना पण तो."

"कोनं सरकवला? नाव सांगा. तुम्ही पोलीस पाटील हा."

बाबांनी पुन्हा संत्र्यांकडे पाहिलं, पण गारांनी एकही संत्रं झाडावर ठेवलं नव्हतं. मग आमच्या पोरांनी पहारी लावल्या, पलीकडून बोरगव्हाणच्या पोरांनी खांदे लावले, आणि जो गोटा सकाळी निमूट सरकला होता तो दुपारी दोन गावांच्या मधोमध चिखलात डुलायला लागला. आमच्याकडे पंचायत राजवर पुष्कळ भाषणं होतात. ती ऐकताना मला दर वेळी तो गोटा आठवतो.

चौथी बातमी अंजनाआत्याने मायला सांगितली नाही. ती माझ्या खोलीत आली, पाटाजवळ बसली आणि हळू आवाजात बोलली. "शकू, त्याच्याजवळ कोणीच नाई वो. सारे गोट्यापाशी. जो जवळ बसन त्याच्या गावचं होईन म्हणून कोणी बसतच नाई. कावळे उतरून राह्यले."

मढ्याला एकटं सोडायचं नसतं. आमच्या गावात भिकारी गेला तरी कुणीतरी उदबत्ती लावून बसत असे, शेवटी कुणी नाही तर देवळातला गुरव. आणि हा कुणाचा तरी मुलगा गारांत पडला होता आणि दोन गावं मिळून तो कुणाचा नाही हे सिद्ध करत होती. मला रडू आलं नाही. मला राग आला. आणि मला लाजही वाटली, कारण त्या सगळ्या ओढाताणीच्या मुळाशी माझंच लग्न होतं. मी उठले. आत्या म्हणाली, "कुठी चालली? हळदीचं अंग हाय तुह्यं." पण तिने मला धरलं नाही. ती दाराच्या आड सरकून उभी राहिली. मला वाटतं, ती मला सांगायला आली होती ती यासाठीच.

मागल्या दाराने, बागेतून गेले. गारांवरून चालताना पायाखाली करकर वाजत होतं आणि बर्फावरून वाफ उठावी तसं जमिनीतून धुकं वर येत होतं. गोट्याजवळचा कालवा ऐकू येत होता, माणसं दिसत नव्हती. तो तुरीच्या मोडलेल्या झाडांत उताणा पडला होता. माझ्याच वयाचा असेल, किंवा थोडा मोठा. मिशी नुकती ठेवलेली. अंगात हाताने विणलेला निळा स्वेटर होता, आणि एका बाहीच्या टोकाला लोकर संपली म्हणून दुसरीच, जराशी गडद निळी जोडलेली. ती बाही पाहिल्यावर मात्र मला रडू आलं. मी त्याच्या तोंडावरच्या गारा हाताने बाजूला केल्या आणि माझी पिवळी शाल त्याच्या अंगावर घातली. माझे हात हळदीने लडबडलेले होते. त्याच्या कपाळाला हळद लागली, ती पुसायला गेले तर आणखी पसरली. मग मी पुसणं सोडून दिलं आणि बसले.

थोड्या वेळाने बोरगव्हाणच्या बाजूने कुणीतरी आलं. मला आधी पाय दिसले. अंगठ्याला चिंधी नव्हती, पण पाय मी ओळखले. चेहऱ्याला हळद, डोक्याला मफलर. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना नीट पाहत होतो.

"तुम्ही इकडे काऊन आल्या?" त्याने विचारलं.

"तुम्ही काऊन आले?"

"बाबूजीले वापस न्याले आलो होतो."

"मंग न्या ना."

त्याने खाली पाहिलं, शालीकडे, त्या बाहीकडे. "हे पाहून कसं जाता येईन," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "मी अठी बसलो तं तुमच्या हद्दीत होते का आमच्या?"

"कोरडी जागा पाहा अन् बसा."

कोरडी जागा नव्हती. तो तसाच बसला, त्या मुलाच्या दुसऱ्या बाजूला. एक कावळा जवळ आला त्याला त्याने गार मारून हाकललं. मग मी म्हटलं, "कोण असन हा?" तो म्हणाला, "पाहुणा हाय. पाहुण्याले आपल्याकडे एकटं ठेवत नाई." आणि पुन्हा थोड्या वेळाने, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून, त्याने विचारलं, "परीक्षा चैत्रातच हाय ना?"

मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून नवऱ्या मुलीला परीक्षेची तारीख विचारणारा माणूस वेडा तरी असतो किंवा फार चांगला. संसारात पुढे मला दोन्ही गोष्टींचे पुरावे मिळत गेले.

धुकं निवळलं ते अचानक. गोट्याभोवतीची माणसं दिसायला लागली, पहारी आणि खांदे लावून वाकलेली, आणि त्यांना आम्ही दिसलो. मधे तो, एका बाजूला पिवळी नवरी, दुसऱ्या बाजूला पिवळा नवरदेव. कालवा बंद झाला. नामदेवराव पुढे आले. त्यांचा चेहरा पाहूनच ते काय बोलणार ते मला कळलं.

"पाटील," ते बाबांना म्हणाले, "हळदीच्या अंगानं मढ्याजवळ बसलेली पोरगी माह्या घरात येत नाई. संपलं."

मी पहिल्यांदा पाहिलं की बाबांना दुसरीकडे पाहायला जागाच उरली नव्हती. ते माझ्याकडे पाहत होते.

सुधाकर जागचा उठला नाही. बसल्या बसल्या वडिलांना म्हणाला, "मंग हळदीच्या अंगानं बसलेला पोरगा तरी तुमच्या घरात कसा येईन, बाबूजी? ते बाटली तं मीही बाटलो. आमचं दोघायचं तुम्ही सोबतच काय ते ठरवा."

नामदेवराव दोन पावलं मागे सरले. मागून कुणीतरी खोकलं. बाबा आमच्या पोरांकडे वळले. "सोडा तो गोटा."

"कुठी ठेवाचा, पाटील?"

"ठेवू नका. सोडा."

त्यांनी सोडला. गोटा चिखलात तिरपा पडला, ना इकडे ना तिकडे. मग बाबा त्या मुलाच्या पायाशी येऊन बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने नामदेवरावही आले. ते बसले नाहीत, पण उभे राहिले, आणि कुणाला तरी म्हणाले, "गावात सांग, चुली इझवा." आमच्याकडूनही पोरगा पळाला. त्या दुपारी दोन्ही गावांतला धूर बंद झाला. माय सांगायची, चुलांगणावर पाणी टाकताना तिने मला, बाबांना, विमानाला आणि ते बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, आणि मग कढईतली अर्धी कच्ची बुंदी झाकून ती मांडवाच्या खांबाला टेकून रडली.

पोलीस दिवेलागणीच्या आधी पोचले. जीप बाभळींच्या पलीकडेच अडकली होती, ते चालत आले. तिथपर्यंत त्याला न्यायला गाडी हवी होती, आणि गावात त्या वेळी तयार अशी एकच गाडी होती, उद्याच्या माझ्या वरातीसाठी सजवलेली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं, छताला झालर. गोंडे सोडायला कुणाला सुचलं नाही. ती गाडी वाजत गेली. पोलिसाने विचारलं, कोणाची हद्द? बाबा आणि नामदेवराव एकदम म्हणाले, "दोघायची." पोलिसाने असं कधी ऐकलं नव्हतं, त्याने पुन्हा विचारलं.

गाडी गेल्यावर चुली पेटल्या. भटजींनी मला आणि सुधाकरला गोमूत्र पाजलं, आणि बायकांनी पुन्हा अंघोळ घालून पुन्हा हळद लावली. दोनदा हळद लागलेली मी तालुक्यातली एकमेव नवरी असेन. दुसऱ्या दिवशी त्या तिरप्या गोट्याजवळ सीमांतपूजन झालं, लग्न लागलं, आणि बुंदी दगडासारखी झाली होती. बी.ए. झाले. वर्ध्याला शाळेत शिकवत सारी नोकरी काढली, आता निवृत्त होऊन बोरगव्हाणात राहते. विमानाचं म्हणाल तर सरकारी माणसं त्याचं मुख्य धूड घेऊन गेली तोवर दोन्ही गावांनी सुटं सुटं बरंच ठेवून घेतलं होतं. एका दरवाजाचं बोरगव्हाणात शेळ्यांचं फाटक झालं. मंत्री आला नाही. डांबर फार वर्षांनी आलं आणि पहिल्याच पावसात गेलं.

मंत्री नाही आला, पण त्या मेलेल्या मुलाची आई आली. उन्हाळा लागता लागता एका जीपमधून, सोबत एक साहेब. लांबची, हिंदी बोलणारी बाई, पांढरी सुती साडी. शिवेवर दोन्ही गावं लोटली. मी नव्या सुनेसारखी मागे, डोक्यावर पदर घेऊन. ती तिरप्या गोट्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मुझे एक ही बात पूछनी है. उसके माथे पर हल्दी थी. किसने लगाई?"

मग आमचे नामदेवराव, ज्यांनी त्या दिवशी त्या मुलाला आपल्या हद्दीत घ्यायचं नाकारलं होतं, ते पुढे झाले, घसा साफ केला आणि बेधडक म्हणाले, "वो हमारे यहाँ का रिवाज है, बहनजी. बाहर का कोई हमारी शिव में गुजर गया, तो उसको हल्दी लगाते. पाहुणा रहता ना वो. दोनों गाव की चूल बंद रखते. अकेला नहीं छोडते." बाबांनी मान हलवली. आमच्या गावच्यांनीही हलवली. दोन्ही गावांचं एकमत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते एका धडधडीत खोट्यावर.

ती बाई रडली. म्हणाली, मला रात्रंदिवस एकच वाटत होतं की तो थंडीत एकटा होता. मग ती बायकांतून हळूहळू चालत आली. माझी नखं अजून पिवळी होती, मी ती पदरात लपवली. तिने पाहिली की नाही, मला माहीत नाही. माझ्यापुढे ती इतरांपुढे थांबली त्यापेक्षा जास्त थांबली, एवढं खरं.

खोटं एकदा आईसमोर बोललं की ते पाळावं लागतं. पुढच्याच वर्षी शिवेजवळ एक वाटसरू उन्हाने गेला, आणि नामदेवराव स्वतः हळद घेऊन गेले. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. मग एक मेंढपाळ, मग एक ट्रकवाला. नामदेवराव गेले, बाबा गेले, माय गेली. रीत राहिली. हल्ली आमच्या गावची पोरं मोबाईलवर लिहितात की ही परंपरा हजार वर्षांची आहे, आणि एका मास्तराने तर तिचा संबंध कुठल्याशा राजाशी जोडला आहे. सुधाकर ते वाचून हसतो आणि पुढे पाठवतो.

गेल्या माघातली गोष्ट. तसंच धुकं होतं. मी सकाळी गॅसवर चहा ठेवला होता. दारात शेजारची पोरगी आली, कॉलेजात जाणारी, कानात ते वायरवालं घातलेलं. मला पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, गॅस बंद करा आधी. तुम्हाले माहीत नाई का? शिवेवर मोटारसायकलवाला गेला, धुक्यात. बाहेरचा होता. गावात पाहुणा हाय."

मी गॅस बंद केला. चहा अर्धा उकळून राहिला.

"अन् हळद द्या थोडीशी," ती म्हणाली, "आमच्या घरची सरली. मी बसतो त्याच्याजवळ पोलीस येईस्तोवर."

मी डबा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, स्वेटर घालून जाजो, थंडी फार हाय.